माया रिसेट दाबत नाही

माया भालेरावबद्दल आमच्या कारखान्यात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक चुकीचं.

मी वासंती. मानपाड्याला एमआयडीसीत उत्तमशेठचा मसाल्याचा कारखाना आहे, तिथे पॅकिंगला असते. कारखाना म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची लांबडी शेड, एका टोकाला भाजणीच्या कढया, मध्ये दळणाची बंद खोली आणि दुसऱ्या टोकाला पिशव्या भरणाऱ्या आम्ही बायका. वर्षभर हॉटेलवाल्यांची हळद, धणे, गरम मसाला चालू असतो. पण एप्रिल-मे लागला की कल्याण-डोंबिवलीच काय, पार ठाण्यापासून माणसं आपापल्या वाळवलेल्या मिरच्या घेऊन दारात उभी राहतात. वर्षाचा मसाला! बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, लवंगी बेतानं, आणि प्रत्येकीला आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत दळून हवा. दुसरीच्या मिरचीची चिमूट मिसळली असा नुसता संशय आला तरी भांडण. मीही भांडते, माझ्या घरचा मसाला असला तर.

माया आमच्याच टेबलावरची. आयरेगावात चाळीत राहते, घरी सासू गंगुबाई, कॉलेजात जाणारी मुलगी, नवरा रिक्षा चालवतो. स्वभाव कसा, तर एक गोष्ट सांगते. बायकांच्या संडासात शेठनी रिकामी पोती भरून ठेवलेली. आम्ही आपल्या शेजारच्या कंपनीत जायचो, तिथल्या वॉचमनच्या हातापाया पडून. माया नवीन लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने ती सगळी पोती उचलून शेठच्या केबिनमध्ये नेऊन रचली. खुर्चीवर, टेबलावर, जिथे जागा दिसेल तिथे. सकाळी शेठ आले तर केबिनचं दार उघडेना. माया म्हणते, "शेठ, आता तुम्ही जा बसायला शेजारच्या कंपनीत." मी पदर तोंडात कोंबून हसत होते. दुपारच्या जेवणाच्या आत संडास मोकळा झाला.

उत्तमशेठ वाईट माणूस नाहीत, हेही सांगून ठेवते. नौपाड्यातलं जुनं घराणं, शिकलेले, बोलणं इतकं शुद्ध की झापलं तरी थँक्यू म्हणावंसं वाटतं. फक्त कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायची वेळ आली की त्यांना ठाण्यात काहीतरी तातडीचं काम निघतं.

आता मशीनचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दळणाच्या खोलीत पल्व्हरायझर आहे. वरून मिरची टाकायची, खालून पूड पडते. त्याच्या मोटरीला वेग देणारा एक डबा भिंतीवरच्या लोखंडी कपाटात बसवलाय. कपाटाला पॅनेल म्हणतात आणि डब्याला ड्राइव्ह. हळदीला वेगळा वेग, धण्याला वेगळा, मिरचीला वेगळा. मिरची फार जोरात दळली तर गरम होते, रंग काळपटतो, वास जातो, आणि मग ती नेणारी बाई वर्षभर आपल्याला शिव्या घालत जेवते. म्हणजे तो डबा फार महत्त्वाचा.

हे सगळं आधी गोपीनाथ बघायचा. या वर्षी ऐन सीझनच्या तोंडावर त्याने देवगडला घराचं काम काढलं आणि गेला गावाला. शेठनी दोन माणसं आणून पाहिली. एक तर मिरचीच्या खकाण्याने अर्ध्या दिवसात पळाला, तो आपला जेवणाचा डबासुद्धा न्यायला आला नाही. दुसऱ्याने जाळी न बदलता हळदीवर मिरची टाकली. शेठ डोक्याला हात लावून बसलेले, तेव्हा माया टेबलावरून उठली. "मी चालवते." गोपीनाथला पोती उचलून द्यायला तीच जायची, तेव्हा सगळं बघून ठेवलेलं तिने.

शेठ म्हणाले, "मायाताई, सीझनपुरतं चालवा. व्यवस्थित पार पडलं तर तुम्हालाच कायमचं ऑपरेटर करू."

तेव्हापासून ती दुसरं काही बोलेचना. मी एकदा विचारलं, "अगं, त्या खोलीत डोळे जाळून घ्यायची एवढी हौस कसली?" तर म्हणाली, "वासंतीताई, पिशव्या भरताना हातांना काम असतं, डोक्याला नसतं. माझं डोकं नुसतं बसून बसून सडलं. आता मला ते मशीन पाहिजे म्हणजे पाहिजे." आमच्या शेडमध्ये त्याआधी कुठल्या बाईने मशीनच्या बटणाला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. मला तर तिचा इतका अभिमान वाटलेला की त्या दिवशी मी घरी उगाचच नवऱ्याशी ताठ बोलले.

एप्रिल सुखात गेला. मे लागला आणि ड्राइव्हने रंग दाखवायला सुरुवात केली. दुपार झाली, पत्रे तापले, की मोटर एकदम गप्प. पॅनेलमध्ये लाल दिवा आणि छोट्या पडद्यावर दोन अक्षरं, ओएच. ओव्हरहीट. म्हणजे ड्राइव्ह तापला, आता मी जळायच्या आत बंद होतो, असं तो डबा सांगतो. खाली रिसेटचं बटण असतं. ते दाबलं की दिवा विझतो, मशीन चालू. थोडा वेळ चालतं, परत बंद. परत रिसेट. दिवसभर मायाची एक नजर मिरचीवर आणि एक त्या दिव्यावर.

ड्राइव्हचा सर्व्हिसवाला सिद्धेश, ठाण्याचा पोरगा, चांगला शिकलेला. तो आला. दळणाच्या खोलीच्या दारात उभा राहिला, एक शिंक, मग शिंकांची माळच, डोळ्यांतून धारा. "ताई, लोड जास्त होतोय, माल कमी टाका," असं तिथूनच ओरडला आणि बाइकला किक मारून गेला. त्याला तरी काय बोलायचं? त्या खोलीत पहिल्यांदा जाणारा रडतच बाहेर येतो. पॅनेलमध्ये साफसफाई करायला म्हणून कधी हवेचा पाइप मारला तर मिरची उडून अख्खी शेड खोकत रस्त्यावर पळते, म्हणून त्या भानगडीत कोणी पडतच नसे. वरवर फडकं फिरवलं की झालं.

मायाने माल कमी टाकायला सुरुवात केली. दळण हळू, बाहेर रांग मोठी, बायकांची तोंडं सुरू. आणि डबा? तो तापायचा तो तापतच होता.

मग तिने काय करावं? शेठकडे पंखा मागितला, शेठना ठाण्यात काम निघालं. दुसऱ्या दिवशी ही नवऱ्याच्या रिक्षात घरचा उभा पंखा घालून हजर! भर मे महिन्यात, पत्र्याच्या घरातला एकुलता एक पंखा. उतरवायला मीच हात लावला. उघड्या पॅनेलसमोर उभा केला, फुल स्पीडवर, वारा थेट ड्राइव्हच्या तोंडावर. "घरी काय म्हणाले?" मी विचारलं. म्हणाली, "सासू म्हणते, आम्ही घामात लोळायचं आणि तुझं ते बाळ वाऱ्यात झोपणार होय गं?"

आणि काय सांगू, फरक पडला की! दोन-चार दिवस लाल दिवा लागला नाही. आम्ही म्हटलं, सुटलो. माया येता-जाता त्या डब्यावर हात फिरवायची. पण नंतर पुन्हा दिवा, आणि आता तर आधीपेक्षा लवकर. दुपारची वाटसुद्धा बघेना, सकाळीच बंद पडायला लागला.

त्यातच गोपीनाथ गावाहून परत आला. घराचा स्लॅब टाकून झालेला, गडी खुशीत. दळणाच्या खोलीच्या दाराला टेकून उभा राहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मशीनला किती घालायचं ती मूठ कळावी लागते. ही ओतते भसाभसा, तापणार नाहीतर काय होणार? बायकांचं काम आहे का हे!" माझ्या मस्तकात तिडीक जायची. मी म्हटलं, "गोपीनाथ, तुझ्या हाताखाली हे मशीन कधी बंद पडलंच नाही का रे?" तर म्हणतो, "पडायचं, पण मला त्याची नस माहीत आहे." म्हणजे त्याच्या हातात बंद पडलं तर दोष मशीनचा, आणि तिच्या हातात बंद पडलं तर दोष बाईचा. असला हिशोब मला जन्मात जमायचा नाही.

शेठनी ऐकलं मात्र त्याचंच. एका सकाळी मायाला म्हणाले, "मायाताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु सीझन हातचा जातोय. उद्यापासून गोपीनाथ मशीनवर बसेल. तुम्ही पॅकिंगला या."

"का?"

"रोज बंद पडतंय, आपण पाहताच आहात."

"का बंद पडतंय ते कोणी पाहिलं?"

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. माया वळली आणि दळणाच्या खोलीत गेली. आम्हाला वाटलं, रडत असेल. कसली रडते! कल्याणहून आलेल्या एका बाईंचा डबाभर मसाला तिने दळायला घेतला. अर्धी मिरची आत गेली आणि मोटर गप्प झाली. लाल दिवा.

माया हातांची घडी घालून उभी राहिली.

बाहेर कल्याणच्या बाई, "अहो, काय झालं? माझी मिरची आत आहे!" गोपीनाथ धावत आला. "अगं, रिसेट मार ना!" माया हलेना. तोच पुढे झाला तर ही पॅनेलच्या आडवी.

"हात लावायचा नाही, गोपीनाथदादा. उद्या तुमचं असेल. आज माझं आहे."

शेठ आले. रुमाल नाकाला. "मायाताई, काय चाललंय हे? रिसेट करा."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही करणार, शेठ. हा डबा रोज बोंबलून सांगतोय की मला ताप भरलाय, आणि आपण रोज त्याचं तोंड दाबतोय. मीच दाबत होते. आता बास. त्या सर्व्हिसवाल्याला बोलवा. आणि या वेळी दारातून बघायचं नाही म्हणावं, आत यायचं. तोपर्यंत हा दिवा असाच राहणार."

बाहेर रांगेत गलका. शेठचा चेहरा बघण्यासारखा झालेला. त्यांना सवय 'हो शेठ' ऐकायची. बरं, रागवावं तर कल्याणच्या बाईच म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती! बोलवा की माणसाला!" शेठनी फोन लावला. सिद्धेश जवळच, एमआयडीसीतच दुसऱ्या एका कामावर होता. आला.

पोरगं दारातच अडखळलं. मायाने त्याला धरलं, खोबरेल तेलाची बाटली काढली, नाकपुड्यांना आणि हातांना तेल चोळायला लावलं, ओला रुमाल तोंडावर घट्ट बांधला. आमच्याकडे मिरचीवर बसणारी प्रत्येक बाई हे करते, पण त्याला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. "आता चल," ती म्हणाली. "शिंक आली तर शिंक, पण बाहेर पळायचं नाही." आणि मला पण आत ओढलं, साक्षीला म्हणून. गोपीनाथला शेठनी केबिनमध्ये बोलावून घेतलेलं.

सिद्धेश आधी म्हणाला, "ताई, रिसेट करून थोडं चालवा. रोज टाकता तशी मिरची टाका, मुद्दाम कमी नको." त्याने सांगितल्यावर तिने बटण दाबलं. तो पडद्यावर मोटरीचा करंट बघत बसला, मग मोटरीवरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. शेवटी रुमालाआडून म्हणाला, "लोड नॉर्मल आहे. तुम्ही जास्त भरत नाहीये. मागच्या वेळी मी न बघता बोललो."

"ऐकलंत वासंतीताई?" माया माझ्याकडे बघून म्हणाली. ऐकलं म्हणजे काय, मी तर उड्याच मारणार होते.

पण तो तिथेच थांबला नाही. त्याने मायाचा पंखा बंद केला आणि ड्राइव्हच्या डोक्यावर तळहात धरला. "ताई, हात ठेवा इथे. वारा लागतो का?"

"नाही लागत."

"लागायला पाहिजे. ड्राइव्हच्या आत स्वतःचा छोटा फॅन असतो, तो खालून हवा ओढतो आणि वरून गरम हवा सोडतो. इथे वरून काहीच येत नाहीये."

मेन स्विच बंद करून तो थांबून राहिला. बंद केल्यावरही आत करंट साठलेला असतो म्हणे, लगेच हात घातला तर माणूस फेकला जातो. मग त्याने ड्राइव्ह सोडवून पुढे ओढला. ड्राइव्हच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, ओळीने, मधल्या फटींतून हवा जाऊन तो थंड राहावा म्हणून. त्या फटी दिसतच नव्हत्या. लाल थर बसलेला, मिरचीच्या तेलाने चिकट झालेला, बोटाने खरवडला तर वडीसारखा निघाला. छोटा फॅन त्यातच अडकून कसाबसा फिरत होता.

"एवढी मिरची आत कशी गेली?" मी विचारलं.

सिद्धेशने पॅनेलच्या उघड्या दाराकडे बघितलं. मग उभ्या पंख्याकडे. मग मायाकडे बघायचं टाळलं.

"पॅनेलचं दार बंद ठेवायचं असतं. दाराला फिल्टरची जाळी आहे, हवा गाळून आत जाते. दार उघडं असलं की या खोलीतली हवा सरळ आत. आणि हा पंखा..." तो थांबला. "पंख्याने खोलीतली सगळी मिरची थेट ड्राइव्हमध्ये फुंकली, ताई. पहिले दोन-चार दिवस थंड वाटलं असेल. पण तेवढ्यात आत थर भरला."

तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा परत कधी पाहिला नाही. घरच्यांना उकाड्यात ठेवून जो पंखा आणला, त्यानेच घात केला. मला इतकं वाईट वाटलं की मिरची नसती तरी डोळ्यांत पाणी आलं असतं.

सिद्धेश मनाचा चांगला पोरगा. हळूच म्हणाला, "मी शेठना सांगतो की आतला फॅन जुना झाला, म्हणून तापत होतं. ते खोटंही नाही, फॅन बदलायलाच लागणार आहे. तुमच्या पंख्याचं कुणाला कळायचं कारण नाही."

मी लगेच म्हटलं, "हो हो, असंच सांग! माया, गप्प बस तू. उद्या मशीन जाईल हातातून."

"आणि कारण लपवलं, तर उद्या कोणीतरी परत दार उघडून पंखा लावेल," माया म्हणाली. "हा डबा परत तापेल, आणि परत कोणा बाईच्या मुठीवर येईल. चालायचं नाही. मशीन खोटं बोलून घ्यायचं असतं तर मी पिशव्याच भरल्या असत्या."

असली बाई! मी कपाळावर हात मारला, तर तेलकट मिरचीचा हात, दिवसभर कपाळ पेटलेलं.

आधी साफसफाई झाली. हवा मारायची नाही, सिद्धेशने बजावलं, नाहीतर मिरची आणखी आत जाते. मऊ ब्रशने खरवडायचं आणि लगोलग व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. आमच्या पॅकिंगचा व्हॅक्यूम मी आणला. दोघांनी मिळून एकेक फट मोकळी केली. त्याने नवीन छोटा फॅन बसवला, दाराच्या जाळीत नवीन फिल्टर घातला, दार बंद करून कडी लावली. "खरं तर हे पॅनेल भिंतीच्या पलीकडे, पॅसेजमध्ये न्यायला पाहिजे," म्हणाला, "मिरचीच्या खोलीत राहायची ही जागाच नाही. मी शेठना सांगतो."

मग माया केबिनकडे निघाली. मी मागे, सिद्धेश मागे. दारात गोपीनाथ बाहेर येताना भेटला, शेठनी त्याला दळणाच्या खोलीत मिरची तपासायला धाडलेलं. तो गेल्यावर माया शेठसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मिरची जास्त टाकत नव्हते, सिद्धेशने मोजून पाहिलंय. पॅनेलचं दार उघडं होतं. पंखा माझा होता. मिरची त्यानेच आत गेली. चूक माझी.

शेठनी सिद्धेशकडे पाहिलं. त्याने हो म्हणून मान हलवली.

"आपण खरं सांगितलंत, त्याबद्दल आदर आहे," शेठ म्हणाले. "परंतु मग मशीन गोपीनाथकडे देण्यास आपली हरकत नसावी."

"हरकत आहे," माया म्हणाली. "चूक काय होती ते सांगायला आले, शेठ. मशीन सोडायला नाही आले. चूक केली म्हणून सोडायचं असेल तर या शेडमध्ये उद्या दिवे लावायला कोणी उरायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बाई गं! पण मग माझंही तोंड सुटलं. म्हटलं, "शेठ, तिने घरचा पंखा आणला, कारण तुम्ही दिला नाही. तो हिशोब कोणाच्या नावावर लावायचा?"

शेठ उठले. रागावले की काय कळेना, त्या शुद्ध माणसांचं काही कळत नाही. दळणाच्या खोलीकडे चालत गेले, दारात उभे राहिले आणि गोपीनाथला म्हणाले, "गोपीनाथ, ड्राइव्ह साफ झालाय. तू चालू करून दाखव."

आम्ही मागोमाग आलेलो.

गोपीनाथ आनंदाने पुढे झाला. बटण दाबलं, मोटर घूं करून फिरायला लागली. कोणी काही बोलायच्या आत त्याने पॅनेलची कडी काढली, दार सताड उघडलं आणि दाराला बांधलेली सुतळी भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. सुतळी इतकी जुनी की काळी पडलेली. मी ती रोज बघत होते आणि कधी बघितली नव्हती.

शेठनी विचारलं, "हे काय?"

"हवा लागते ना, शेठ," गोपीनाथ म्हणाला. "नाहीतर तापतं. मी पहिल्यापासून असंच ठेवतो. खिळा मीच मारलाय."

सिद्धेशने रुमालात तोंड लपवलं. शेठ गोपीनाथकडे बघत राहिले, मग त्या सुतळीकडे, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वाढत गेल्या. म्हणजे दार उघडं ठेवायची रीत मायाला या खोलीने आयती दिलेली. तिने फक्त पंखा आणला होता.

माया पुढे गेली. खिळ्यावरून सुतळी काढली, दार लावलं, कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिली. गोपीनाथला म्हणाली, "हे दार आता उघडायचं नाही. तुम्ही नाही, मी नाही, शेठनी पण नाही." आवाज चढवला नाही, पण मोटरीच्या आवाजातही शेडच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

तेवढ्यात कल्याणच्या बाईंचा धीर संपला. रांग मोडून त्या थेट खोलीच्या दारात आल्या. "अहो शेठ, माझा मसाला आज मिळणार की नाही? आणि तिखट नीट बारीक येणार ना?"

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता ह्यांना ठाण्यात काम निघणार.

"ते आमच्या ऑपरेटरना विचारा," ते म्हणाले.

बाईंनी खोलीत एक नजर टाकली आणि साहजिकच गोपीनाथकडे वळल्या.

"तिकडे नाही, बाई," माया म्हणाली. "इकडे. ऑपरेटर मी आहे."